अटक न झालेल्या माणसाचा दाखला

ती घटना एका शब्दामुळे माझ्या डोक्यातून जात नाही. आणि तो शब्द माझ्याच तोंडून गेला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी घाटकोपरच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. भरदुपारी एका बंद फ्लॅटमध्ये घरफोडी झाली आणि कपाटातले दागिने गेले. कुलूप न तोडता किल्लीने उघडलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी माझ्या खबऱ्याने सांगितलं, "साहेब, मागच्या हप्त्यात तिकडे एक वायरमन काम करून गेलाय. विक्रोळीला राहतो."

वायरमन मूळचा मालवणकडचा. विक्रोळीच्या एका कारखान्यात हंगामी कामगार होता आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी वायरिंग करायचा. त्याच महिन्यात तो कायम होणार होता. मी त्याला चौकशीसाठी बोलावलं आणि चार तास उलटसुलट विचारलं. घाबरलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचे तपशील बदलत जातात. याचे बदलत नव्हते. "त्या दुपारी मी पाळीवर होतो," एवढंच तो धरून बसला.

त्या दरम्यान रोजच्या शिरस्त्याप्रमाणे अकराच्या चहाला एका पेपरचा वार्ताहर आला. स्टेशन डायरी चाळता चाळता त्याने विचारलं, "त्या घरफोडीचं काय?"

मी म्हणालो, "आरोपी बसलाय ना आत."

आमच्या ठाण्यात आतल्या बाकावर बसलेला कोणीही 'आरोपी'च असायचा. साक्षीदार असो, संशयित असो, आम्ही सगळ्यांना त्याच नावाने हाका मारायचो. वार्ताहराने नाव विचारलं, तेही मी देऊन टाकलं.

संध्याकाळपर्यंत कारखान्याच्या हजेरीपटावरून त्याचं म्हणणं खरं ठरलं. जबाब नोंदवला, चहा पाजला आणि त्याला जाऊ दिलं. सकाळी पेपर उघडला तर ठळक मथळा: 'घरफोडीतील आरोपीस अटक, गुन्ह्याची कबुली'. खाली नाव आणि चाळीचा पत्ता. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरत नाहीत हे सोडाच, इथे कबुलीच नव्हती. ती वार्ताहराने सवयीने जोडली होती. पण अटकेचा रस्ता त्याला मीच दाखवला होता.

नऊच्या सुमारास वायरमन पेपर घेऊन ठाण्यात आला. कारखान्याच्या गेटवरूनच त्याला परत पाठवलं होतं. चाळीत त्याच्या दारासमोर माणसं जमली होती. बायको कडी लावून आत बसली होती.

"साहेब, माका अटक कधी झाली? तुमीच चा पाजून सोडलात ना?"

मला त्याच्याकडे बघवेना. मी वार्ताहराला फोन करायला उठलो, तेवढ्यात वरिष्ठांनी आत बोलावलं.

"थांब. खरा चोरसुद्धा पेपर वाचतो. दोन दिवस तसंच राहू दे."

"साहेब, त्या माणसाची वाट लागेल."

"गुन्हा उघडकीस आणायचाय ना तुला?"

मी थांबलो. विक्रोळीला त्याच्या दाराला कोणी दगड मारला असं कळलं, तेव्हा मी एक हवालदार साध्या कपड्यांत चाळीत बसवला. त्याहून जास्त काही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा निरोप आला. त्याच इमारतीतला बदली वॉचमन, जो घरफोडीनंतर गायब होता, घाटकोपरच्या बाजारात सोनाराकडे बांगड्या दाखवत होता. आम्ही त्याला तिथेच पकडलं आणि पंचांसमोर मुद्देमाल जप्त केला. तो निवांतपणे म्हणाला, "पेपरात आलं ना साब, दुसराच पकडला. म्हटलं आता टेन्शन नाय."

वरिष्ठांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींचा खुलासा आला, सिनेमाच्या जाहिरातींच्या खाली. कारखान्याला तो पुरला नाही. वायरमन परत आला. "अटक झाली नव्हती, एवढा लिवन देवा."

वरिष्ठ म्हणाले, "पोलीस ठाणं असले दाखले देत नाही."

मी दिला. 'सदर इसमास चौकशीकामी बोलावून, जबाब नोंदवून त्याच दिवशी जाऊ देण्यात आले. त्यास अटक करण्यात आलेली नाही.' खाली सही आणि ठाण्याचा शिक्का. कारखान्याने त्याला परत घेतलं, पण कायम व्हायला त्याला पुढे दोन वर्षं लागली.

त्यानंतर नव्या शिपायांना मी पहिल्याच दिवशी बजावायचो, की चौकशीला आलेल्याला आरोपी म्हणायचं नाही. वार्ताहरांनाही चहाआधी अटक आणि चौकशी यांतला फरक सांगायचो. ते हसायचे.

निवृत्तीनंतर एकदा मुलुंडच्या मंडईत तो भेटला. त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद काढला. घड्यांवर फाटला होता.

"अजून जवळ ठेवता?" मी विचारलं.

"साहेब, माज्या चेडवाची सोयरीक जमली, तेव्हा व्याह्यांका परत दाखवचो लागलो. तुमचे लय उपकार."

तो माझ्या पाया पडायला वाकला. 'आरोपी' हा शब्द पेपराला मीच दिला, हे त्या कागदात मी लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मंडईतही ते सांगायची मला हिंमत झाली नाही, म्हणून आज इथे लिहितो आहे.