पिवळी, तापाची

लेक जर्मनीला शिकायला गेली, तेव्हा तिच्या बॅगेत मी आमच्या मनीषनगरच्या मेडिकलमधल्या गोळ्या कोंबल्या. तिकडे म्हणे सर्दीतापाला दुकानदार साधी पॅरासिटामॉल देतो आणि वर गवती चहासारखं काहीतरी प्यायला सांगतो. जोरदार गोळी हवी असेल तर आधी डॉक्टरची चिठ्ठी आणा. एवढा पुढारलेला देश, आणि एका गोळीसाठी ही रडारड! इथे काउंटरवर "भाऊ, घसा दुखून राहिला" एवढं म्हटलं, की दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून चार गोळ्या हातावर ठेवतो.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. तापात तिने माझी गोळी घेतली होती. अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. ती दवाखान्यात होती आणि शेजारी डॉक्टरबाई उभ्या होत्या.

"बाबा, गोळीचं नाव विचारून राहिल्या ह्या."

तिने स्ट्रिपचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. मागची चंदेरी बाजू कोरी होती. नाव कात्रीच्या पलीकडे, दुकानातच राहिलं होतं. डॉक्टरबाईंनी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि मग फोनमधून माझ्याकडे पाहिलं.

"ती पिवळी," मी म्हणालो. "तापाची."

बाबा काय म्हणाले, असं त्यांनी जर्मनमध्ये लेकीला विचारलं असावं. लेकीने मान खाली घातली. माझं उत्तर तिने त्यांना सांगितलंच नाही.