डावी ताई, उजवा भाऊ

थोरलीला कुणी मत्सरी म्हटलं असतं, तर तिने हातातला पाना त्याच्या दिशेने भिरकावला असता. पण होती ती मत्सरीच. चाळिशी उलटलेली, अख्खं गॅरेज एकटीने चालवणारी बाई एका जुन्या मोटारसायकलवरून सख्ख्या धाकट्या भावावर जळत होती.

मोटारसायकल वडिलांची. जपानी, दोन सिलिंडरची, पन्नाशी ओलांडलेली. टाकीला क्रोमच्या पट्ट्या, सरळ हँडल, लांब साधी सीट. नखरा म्हणून नाही. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखा श्वास घेतला तर गाडी सुरेख चालते, नाहीतर एक राबतो आणि दुसरा आयतं खातो. पोरं लहान असतानाच वडिलांनी सिलिंडरांची नावं ठेवून टाकली होती. डावी ताई, उजवा भाऊ. जुळणी करताना ते दोन्ही सायलेन्सरच्या तोंडामागे एकेक तळवा धरायचे आणि सांगायचे, "ताई पुढे पळतेय. आवर तिला." मग थोरली डाव्या कार्बोरेटरचा स्क्रू थोडा मागे घ्यायची. "भाऊला वाढव" असं ते कधी म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. आता यावर कुणी रुसतं का? थोरली रुसली होती, आणि तेही मनातल्या मनात, तीस वर्षं.

धाकटा शिकला, मोठ्या शहरात ऑफिसात लागला. थोरली गॅरेजमध्येच राहिली. वडिलांचे गुडघे गेले, मग कान गेले, तसं गॅरेज तिच्या गळ्यात पडलं. बाई गाडी खोलते म्हणून गंमत बघायला येणारे लोक पुढे बाईनेच खोलावी म्हणून अडून बसू लागले. वडिलांची गाडी तर तिच्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही. दर रविवारी ती फडक्याने पुसायची, चालू करायची, चौकापर्यंत फिरवून आणायची. ही आता आपलीच, असं तिने धरून ठेवलं होतं.

आणि एका सकाळी वडिलांनी धाकट्याला फोन लावला. कमी ऐकू येत असल्यामुळे ते ओरडूनच बोलायचे. "या सुट्टीत ये, आणि तुझी गाडी घेऊन जा!"

'तुझी' हा शब्द थोरलीला झोंबला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवून वडील वर तिलाच म्हणाले, "पोरी, जुळणी नीट करून दे त्याला."

तिने केली जुळणी. गिऱ्हाइकाच्या गाडीत जे तिने जन्मात केलं नसतं, ते केलं: भाऊचा स्क्रू पाऊण फेरा मागे घेतला. अर्ध्या वाटेत गाडी थरथरून हाताला मुंग्या आल्या की कळेल साहेबांना, असं म्हणत हात पुसले.

धाकटा आला. चार किका मारून घामाघूम झाला. थोरलीने पाचव्या किकेत चालू करून दिली. तो एक चक्कर मारून आला तो हसतच. "काय पळते गं ताई! नुसतं लोणी!"

थोरलीला हसावं की रडावं कळेना. निम्मी गाडी झोपलेली, आणि याला पत्ता नाही! अशा माणसाला ही गाडी?

वडील मात्र खुर्चीतून उठले. कण्हत गाडीच्या मागे बसले आणि दोन्ही तळवे धरले. मग त्यांनी गाडीकडे नाही, थोरलीकडे पाहिलं.

"भाऊ मार खातोय," ते म्हणाले. "हे आपोआप झालेलं नाही."

"नाही. मी केलंय."

"ताई, काय केलंस?" धाकट्याने गाडी बंद केली.

"मला हवी होती ही," थोरली म्हणाली. आवाज चढला होता, तो तिने चढू दिला. "मी हिला सांभाळलं. मला हवी होती."

"मग मागायची होतीस," वडील म्हणाले. "एकदा तरी मागितलीस का?"

"त्याने कधी मागितली?"

वडिलांना ते स्वच्छ ऐकू गेलं.

"ताई, तूच ठेव," धाकट्याने किल्ली पुढे केली. "मला काय, खरंच नसली तरी चालेल."

तेच तर होतं. त्याला नसली तरी चालत होती. थोरलीने किल्लीला हात लावला नाही. स्क्रू-ड्रायव्हर उचलून ती गाडीशेजारी बसली आणि जितका फेरा मागे घेतला होता तितका पुढे घातला. हात मुद्दाम सावकाश चालवला. वडिलांचा एक शब्द पुरला असता. पण ते आपल्या तळव्यांवरची काजळी अंगठ्याने चोळत राहिले.

शेवटी ती उठली.

"घेऊन जा," ती भावाला म्हणाली. "बाबांनी तुला दिलीय."