एका चेहऱ्यामागच्या चार डिस्क

धुळ्यातल्या एका स्कॅन सेंटरचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. खरं म्हणजे ते बिघडेपर्यंत मला सांभाळून घेतात. त्या सकाळी घरी चहा घेत होतो, तर सेंटरच्या बाईंचा फोन आला. जुनी चित्रं उघडायला फार वेळ लागतोय, आणि दुपारी साक्रीकडच्या एका बाईंचं डोक्याचं ऑपरेशन आहे. गाठ गेल्या वर्षापेक्षा वाढली असेल तरच डॉक्टर कापणार होते. गेल्या वर्षीची फिल्म घरात पाणी गळून खराब झालेली. उरलेली एकमेव प्रत आमच्या सर्व्हरवर. दुसरी प्रत ठेवायचं मी कधीचं ठरवत होतो.

पोचल्यावर सर्व्हरला विचारलं, डिस्क कशी आहे? तो म्हणाला, एकच आहे, ठणठणीत आहे. मी तसंच ऐटीत सेंटरच्या बाईंना सांगूनही टाकलं.

सर्व्हरच्या पेटीत डिस्क चार होत्या. पण त्यांच्यापुढे रेड कंट्रोलर नावाचं कार्ड बसलेलं असतं. ते चौघींना पाठीशी घालून सर्व्हरला एकच चेहरा दाखवतं. आतली खबर हवी तर कार्डाशी बोलणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्राममार्फत एकेकीला नंबरानं हाक मारावी लागते. मी वर्षभर त्या चेहऱ्याचीच तब्येत विचारत आलो होतो.

हाका मारल्या. दोन नंबरची गप्प. एक डिस्क गेली तर हे चालतं, दुसरी गेली की सगळंच गेलं. बिघडलेल्या डिस्कचा दिवा पिवळा होतो, पण दसऱ्याला मी स्वतः या पेटीची पूजा करून प्रत्येक दिव्यावर हळदीचं बोट ओढलं होतं. चारही पिवळेच. मग डावीकडून दुसरी डिस्क ओढून काढली.

कार्ड शून्यापासून मोजतं. हे मला माहीत होतं, पण डिस्क हातात आल्यावर आठवलं. दोन नंबर म्हणजे तिसरी; मी चांगली डिस्क काढली होती.

सर्व्हरवरचा तो एक चेहराही गेला. डिस्क परत बसवली, तर कार्ड तिला परकी म्हणायला लागलं. आत्ता तर इथंच नांदत होती!

दारात साक्रीकडच्या त्या बाईंचे यजमान उभे होते. हळूच म्हणाले, "भाऊ, फोटू शे ना?"

"शे नाना, शे," मी म्हणालो, म्हणजे आहे. मी मूळचा वऱ्हाडातला, अहिराणी मला येत नाही. भीतीनं आली असावी.

कार्डाच्या पडद्यावर दोनच पर्याय होते. परकीची ओळख पुसा, किंवा आहे तशी घरात घ्या. पुसली तर चित्रंही जाणार होती. घाम चष्म्यावर उतरलेला, अक्षरं हलत होती. दोन्ही ओळी तीनतीनदा वाचल्या, बोट कुठल्या ओळीवर आहे ते दुसऱ्या बोटानं तपासलं आणि घरात घेतलं. बराच वेळ काहीच नाही. मी रजेचा अर्ज, राजीनामा आणि पळून जायची बस, तिन्हींचा विचार करून टाकला.

मग चेहरा परत आला. आधी त्या बाईंचा स्कॅन पेनड्राइव्हवर घेतला, मग श्वास.

डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. नाना आणि मी मागं उभे. ते एकेक चित्र मोठं करून पुन्हा पुन्हा बघायला लागले, तशी मला वाटलं, चित्र अर्धंच आलं.

"वाढलेली नाही," ते म्हणाले. "आज कापायला नको."

नानांनी माझे दोन्ही हात धरले. माझे हात भीतीनं बर्फासारखे गार पडले होते. एसीत बसून काम करणाऱ्या माणसांचे हाल आज समजले, असं ते बाहेर बसलेल्या बायकोला सांगायला गेले.