समिती आली की उघडणारं दार

कॉलेजात शिकवणाऱ्या चारचौघी एकत्र बसल्या की दोनच विषय निघतात, परीक्षेचं काम आणि समिती. परीक्षेचं रडगाणं सगळीकडं सारखंच. समितीचे किस्से मात्र जिचे तिचे वेगळे, आणि आमच्याकडं ते इतके साठलेत की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

समिती म्हणजे दर पाच वर्षांनी कॉलेजचा दर्जा तपासायला बाहेरून येते ती. देशपातळीवरची संस्था तिला पाठवते. तीन मोठे प्राध्यापक येतात, दोन दिवस राहतात, सगळं बघतात आणि ग्रेड ठरते. मी गेवराई तालुक्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. हे किस्से ऐकून लोक हसतात. मी पण हसतच सांगायला लागते आणि मधेच माझं डोकं फिरतं. आज पण फिरणार, आधीच सांगून ठेवते.

*

मागच्या समितीनं अहवालात लिहिलं होतं, मुलींसाठी चांगलं स्वच्छतागृह पाहिजे. मग बांधलं. पांढऱ्या फरशा, बेसिन, आरसा, नळाला चोवीस तास पाणी. आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी फीत कापली, फोटो निघाला, आणि फोटो निघाल्यावर दाराला कुलूप लागलं. चावी प्राचार्य सरांच्या ड्रॉवरमध्ये.

मी चावी मागायला गेले. सर म्हणाले, "मॅडम, पोरी लई घाण करतेत. पुढच्या समितीला दाखवायला एक तरी जागा चांगली राहू द्या की."

"मग पोरींनी जायचं कुठं, सर?"

"आजवर कुठं जात होत्या?"

आजवर त्या कुठंच जात नव्हत्या, हेच तर मी सांगायला गेले होते! तलवाड्याच्या, चकलांब्याच्या पोरी सकाळी सातच्या एसटीला बसतात. दुपारी तीनला घरी पोचेपर्यंत घोटभर पाणी पीत नाहीत. बाटली आणतात ती भरलेली तशीच परत नेतात. मुलांना काय, कॉलेजच्या मागं सगळं रान मोकळं आहे.

*

एकदा माझ्या प्रॅक्टिकलला चकलांब्याची अश्विनी नकाशा काढता काढता खाली कोसळली. बीए दुसऱ्या वर्षाची पोरगी, हुशार, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तिच्यावर खेकसले, "पोरी, अंगात पाणीच न्हाई तुझ्या. दिवसभर पाणी कावून पीत न्हाईस?"

ती म्हणाली, "कॉलेज असतंय ना."

डॉक्टरांना कळलंच नाही. मला कळलं, आणि खरं सांगते, मला माझीच लाज वाटली. आमच्या स्टाफरूमला एक छोटं बाथरूम आहे. दहा वर्षं मी ते बिनघोर वापरत आले.

*

मी महिला तक्रार निवारण समितीची अध्यक्ष आहे, हे मला एका दुपारी अचानक कळलं. आणि आजची नाही, पाच वर्षांपासूनची!

आमचे हेडक्लार्क जाधवभाऊ रजिस्टर घेऊन आले. त्यात पाच वर्षांच्या बैठका ओळीनं लिहून तयार. सोबत तीन पेनं, एक निळं, एक काळं, एक जरा फिकं. "मॅडम, पेन बदलून बदलून सह्या करा. एकाच शाईनं केल्या तर समितीला डाऊट येतो."

मी वाचायला लागले तर भाऊ कासावीस झाले. "वाचता कावून? सगळ्यांनी तशाच केल्यात."

प्रत्येक बैठकीत एक ठराव होता, स्वच्छतागृहाबाबत एकही तक्रार आलेली नाही. मी त्या ओळीखाली लिहिलं, "तक्रार आहे. माझी आहे. आधी कुलूप काढा." आणि तिन्ही पेनांनी तीन सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर नवं झालं होतं. सगळ्या पानांवर माझ्या सह्या होत्या, माझ्यापेक्षा वळणदार. मी भांडायला गेले तर प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कॉलेजची ग्रेड गेली तर तुमचंच नाव निघंल." म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!

*

मग फोटोंचा दिवस. महिला सक्षमीकरणाचे कार्यक्रम दरवर्षी झाले, याचा पुरावा पाहिजे होता. कार्यक्रम एकही झाला नव्हता. त्यावर तोडगा असा निघाला की पाच बॅनर छापायचे आणि पाचही वर्षं एका दिवसात उरकायची. पोरींनी दर बॅनरला ओढण्या अदलाबदल करायच्या. मला दर फोटोत वेगळ्या खुर्चीवर बसवलं. मी बसले. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण बसले.

आता हुशारी बघा. फोटो नुसते चालत नाहीत, फोटोच्या खालच्या कडेला जागा, तारीख आणि वेळ छापणारं मोबाइल ॲप वापरावं लागतं. पाच वर्षांचे पाच फोटो निघाले आणि पाचांवर तारीख एकच. वेळ तेवढी पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढं.

जाधवभाऊंनी डोक्याला हात लावला. प्राचार्यांनी मात्र फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "प्रिंट काढताना खालून दोन बोटं कापा."

कापले. पाचही फोटोंत पोरींना पाय नाहीत.

*

समिती यायच्या आठवड्यात रंगीत तालीम सुरू झाली. प्राचार्य समिती व्हायचे आणि पोरींना प्रश्न विचारायचे. लायब्ररी आहे का? आहे सर. इंटरनेट आहे का? आहे सर. स्वच्छतागृह आहे का?

इथं अश्विनी उभी राहिली. "सर, काय सांगायचं?"

"आहे म्हणायचं. आहेच की. मी काय खोटं बोलायला लावतोय का तुमाला?"

"पण सर, आमी आतून बघितलंच न्हाई."

"बघायचं कशाला? समिती बघंल."

आणि वर तंबी दिली की समिती असेपर्यंत तिकडं कुणी फिरकायचं नाही, फरशी खराब होते. मी म्हणाले, सर, निदान ते दोन दिवस तरी जाऊ द्या. तर म्हणाले, "त्या दोन दिवसांसाठीच तर जपलंय मॅडम." या माणसाच्या घरी दोन मुली आहेत.

*

समिती आली. कुलूप निघालं. आत नवा टॉवेल, नवा साबण, कागदसुद्धा न काढलेला. दोन दिवस दार सताड उघडं आणि दारात शिपाई मारुतीमामा उभे. पाहुण्यांना सलाम करायचा आणि पोरींना हाकलायचं, एवढंच काम.

समितीत एक बाई होत्या, बाहेरच्या राज्यातल्या, हिंदी बोलणाऱ्या, स्वभावानं चांगल्या. त्या आत जाऊन आल्या आणि प्राचार्यांना म्हणाल्या, इतकं स्वच्छ स्वच्छतागृह मी ग्रामीण भागात पाहिलं नाही. सरांनी लाजून मान खाली घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात जाधवभाऊ मधे आले आणि पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप. पोरी ओवाळायला ताटं घेऊन पायरीवर ओळीनं उभ्या होत्या. मारुतीमामा कुलूप हातात घेऊन गाडी निघायची वाट बघत होते. बाईंना ओवाळायला अश्विनी पुढं झाली. कुंकू लावलं, ओवाळलं, आणि तिच्या हिंदीत विचारलं, "मॅडम, आप फिर कब आते?"

बाईंना भरून आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. प्राचार्य कौतुकानं बघत होते. बाई म्हणाल्या, "पाँच साल बाद, बेटा."

अश्विनी मागं वळली.

"ऐकलं का गं? पाच वर्षांनी. ताटं ठेवा खाली, आत्ताच जाऊन येऊ."