मामांनी ट्रक रंगवला

मामांचं सगळं आयुष्य लोकांची घरं हलवण्यात गेलं. कपाटं, पलंग, फ्रिज, कुंड्या, शिलाई मशीन. या दारातून उचलायचं, ट्रकमध्ये नीट रचायचं, त्या दारात उतरवायचं. त्यांच्या पहिल्या हमालाचे ते सख्खे मामा. तो सारखा 'मामा, मामा' करायचा, म्हणून गिऱ्हाइकंही मामाच म्हणू लागली. भाचा पुढे दुसरीकडे नोकरीला लागला, नाव मात्र इथेच ठेवून गेला. आता हाताखाली पैलवान होता. पैलवान म्हणजे कुणीही बसल्या जागी हाडं मोजावीत असा, पण कपाट पाठीवर घेऊन जिना उतरायचा तेव्हा बघणाऱ्यांची बोलती बंद व्हायची.

मामी गेल्या तेव्हा मामा रडले नाहीत. दवाखान्यातून घरी आले, चपला जागच्या जागी काढल्या, गॅसवर राहिलेलं भांडं घासलं. पुढच्या आठवड्यात कामावर हजर. लोक म्हणाले, "माणूस घट्ट आहे हो." मामांना घट्टबिट्ट काही वाटत नव्हतं. मुंग्या येऊन मेलेल्या पायावर कुणी हात ठेवला की तो दिसतो, पण कळत नाही, तसं त्यांचं सगळंच चाललं होतं.

अशातच एका नव्या वसाहतीच्या फाटकावर तिथल्या व्यवस्थापकाने ट्रक अडवला. "मामा, ही गाडी आहे की भंगार? गंजाचे डाग पडतात आमच्या फरशीवर. पुढच्या वेळी असली गाडी आत सोडणार नाही."

एरवी मामांनी त्याला चांगलं ऐकवलं असतं. "बरं," एवढंच म्हणाले. पैलवान त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला.

गॅरेजवाल्याने रंगाचा खर्च सांगितला. मामींच्या आजारपणात मामांचे हात पार रिकामे झाले होते. "मीच मारतो रंग," ते म्हणाले.

"मारा की," गॅरेजवाला म्हणाला. "पण खरं काम घासण्यात आहे. तेलकटपणा काढा, गंज तारेच्या ब्रशने खरवडा, प्रायमर लावा. मग रंग. तोही पातळ. आणि उन्हात हात लावू नका, वाट लागेल."

रंगाच्या दुकानात विचारलं, "कोणता देऊ?"

"लोखंडाला चालेल तो."

दुकानदाराकडे कुणासाठी तरी कालवलेले डबे पडून होते. पिस्ता रंग हवा होता, कालवताना बिघडला आणि गिऱ्हाईक फिरकलंच नाही. "अर्ध्या किमतीत न्या," तो म्हणाला. मामांनी झाकण उघडूनही बघितलं नाही.

घराशेजारच्या मोकळ्या जागेत त्यांनी ट्रक उभा केला. साबणाने धुतला, थिनरच्या फडक्याने पुसला आणि खरवडायला घेतलं. गंजाचा भुगा केसांत, भुवयांत बसला. हात चालत होते, तेवढा वेळ कुणाशी बोलावं लागत नव्हतं. धाकटी बहीण डबा घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, वहिनीला जाऊन महिना नाही झाला आणि तू ट्रक रंगवत बसलास? लोक काय म्हणतील?"

"लोकांचंच सामान न्यायचंय."

"जेव तरी वेळेवर," म्हणत डबा पायरीवर ठेवून ती गेली. मामा जेवले. डब्यात काय होतं, ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

प्रायमर बरा बसला. रंगाच्या दिवशी मात्र ऊन चढलेलं त्यांच्या लक्षातच आलं नाही. रोलर भरभरून ते मारत सुटले. संध्याकाळपर्यंत डाव्या अंगाला मेणबत्तीसारखे ओघळ आले होते. मामांनी ते पाहिले, रोलर रॉकेलमध्ये टाकला आणि घरात जाऊन झोपले.

रविवारी मुलगी सासरहून आली. ट्रकभोवती एक फेरी मारून तिने विचारलं, "बाबा, हा रंग कुणी निवडला?"

"कुणी नाही."

"आईने गाडीला असला रंग लावूच दिला नसता."

"नसताच."

एकदम तिचा आवाज चढला. "बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? मी तिकडे रोज रडते आणि तुम्ही इथे ट्रक रंगवताय!"

मामांना तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. पण ते म्हणाले, "नाही वाटत गं. वाटेल कधीतरी, म्हणून वाट बघतोय. मलाच भीती वाटते कधी कधी."

मुलगी चाकाला टेकून जमिनीवर बसली. तिने त्यांना जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. डोळे पुसले आणि पाण्यात भिजलेला पॉलिश पेपर उचलला. "ओघळ घासून काढावे लागतील ना? कुठून सुरू करू?"

दोघांनी डावं अंग सपाट केलं. सावली आल्यावर मामांनी पातळ रंगाचा रोलर फिरवला, मुलीने दाराच्या कडा ब्रशने भरल्या. मधे एकदा तिचा पदर ओल्या रंगाला लागला आणि तिच्या तोंडून आईची ठेवणीतली शिवी निघाली, अगदी आईच्याच सुरात. मामांचा रोलर तिथेच थांबला. मग रंग सुकायच्या आत त्यांनी तो पट्टा पुरा केला.

सोमवारी पैलवानाने ट्रक पाहिला. "मामा, हा ट्रक आहे की कच्चा पेरू? बकऱ्या मागे लागतील."

"लागल्या तर तू हाकल."

व्यवस्थापकाने अडवलं होतं त्याच फाटकावर नवीन रखवालदार होता. त्याने ट्रककडे धड बघितलंही नाही, आडवा दांडा वर केला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. वरच्या मजल्यावरचं कपाट उतरवताना मामांना खांदे भरून आलेले जाणवले. बोटंही ठणकत होती. इतक्या दिवसांत अंगातलं काही दुखतंय हे पहिल्यांदाच कळलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, टपाला एकच हात झालाय. पुढच्या रविवारी दुसरा मारू."

"ये," मामा म्हणाले. मग काहीतरी आठवल्यासारखे, "जेवायलाच ये."