हिरव्या रंगाचं वजन

शबाना गेल्याचं तिच्या भावानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी तुळजापुरात वर्गावर होते. यकृताचं दुखणं होतं, पण इतक्या लवकर... तास पुरा केला.

धाराशिवच्या प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी होती. माकणीच्या धरणातून आणलेल्या सूक्ष्म शेवाळात तेल किती, हा तिचा पीएचडीचा विषय. शेवाळ वाळवायचं, द्रावकात खलायचं, द्रावक उडवून टाकायचा आणि उरेल ते तेल म्हणून तोलायचं. वजन भरपूर आलं. तिच्या मार्गदर्शक सरांनी तो आकडा परिषदेत मिरवला. शबाना मात्र बशीतल्या त्या चिकट थराकडं बघत बसली. "तेल इतकं हिरवं असतं व्हय गं?"

द्रावकानं तेलाबरोबर हरितद्रव्यही ओढून आणलं होतं. आम्ही रंग तोलत होतो. मग तिनं तेलाला धरून चमकणारं एक रंगद्रव्य वापरून पाहिलं. चमक अगदी फिकी. सर म्हणाले, पेशीचं कवच जाड, रंग आत शिरला नसेल. तिनं कवच सैल करून पुन्हा पाहिलं. चमक तेवढीच. म्हणजे मुळात तेलच थोडं होतं.

"तेल कमी झालं न्हाय, मॅडम. तुमची अक्कल वाढलीय," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "जुना आकडा लिहा, न्हायतर दुसरा मार्गदर्शक बघा."

तिनं तो लिहिला नाही. दुसरं कुणी तिला घेतलं नाही. ती जळकोटला परतली आणि शेवटपर्यंत दहावीच्या शिकवण्या घेत राहिली.

परवा शोकसभेत सरांनी तोच जुना आकडा तिचं संशोधन म्हणून सांगितला. लोक माना डोलवत होते.

सभेनंतर मी चाचांबरोबर, म्हणजे तिच्या वडिलांबरोबर, जळकोटला गेले. तिच्या खोलीच्या खिडकीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या आहेत. शेवाळ तळाशी बसू नये म्हणून ती रोज त्या हलवायची. आता चाचा हलवतात. एक बाटली हातात घेऊन ते म्हणाले, "सर लई मोठं बोलले, बेटी. एवढं तेल काढलं व्हतं माझ्या लेकीनं. सगळ्या मोहल्ल्याला सांगणार हाय म्या."

ज्या आकड्यापायी तिनं सगळं सोडलं, तोच आता तिच्या नावानं गावभर फिरणार होता.

"तेल थोडंच होतं, चाचा," मी म्हटलं. "तिनंच ते दाखवून दिलं. म्हणून तर तिला तिथून निघावं लागलं."

त्यांनी बाटली उजेडाकडं धरली.

"एवढं तरी ठिवायचं व्हतंस तिच्या नावावर, बेटी," ते म्हणाले, आणि बाटली न हलवताच खिडकीत ठेवली.