मोहिते साहेबांचा पाचवा 'का'

मोहिते साहेब नापास पार्ट कधी टेबलावर ठेवत नसत. तो ज्याच्या मशीनमधून निघाला त्याच्या हातात देत आणि बैठक संपेपर्यंत त्याला तसंच उभं ठेवत. आमच्या कारखान्यात गाड्यांच्या दारांची आतली प्लॅस्टिकची कव्हरं बनायची. साहेब क्वालिटीचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली तपासणीला.

दोषाचं मूळ शोधायला पाच वेळा 'का' विचारायचं, ही पद्धत सगळ्याच कारखान्यांत आहे. साहेबांचे पहिले चार 'का' यंत्राला असत, पाचवा माणसाला. "मशीनला लाज वाटत नाही," ते म्हणत, "माणसाला वाटते. तिथं धरायचं." साहेब म्हणजे माणूस हुशार. कव्हर उजेडात तिरकं धरून साच्यात काय बिघडलंय ते सांगायचा. अहवालात मात्र ते येईलच असं नव्हतं.

एकदा कव्हरांवर चंदेरी रेघा येऊ लागल्या. गाडी कंपनीने माल अडवला, संध्याकाळपर्यंत कारण मागितलं. कव्हर सुरेखाच्या हातात आलं. ती त्या मशीनवरची ऑपरेटर, जवळच्या दिघ्याची, पुढच्या महिन्यात नोकरीत कायम होणार होती.

"सर, प्लॅस्टिकचा दाणाच ओला येतोय. ड्रायर तापत नाय. मी सुपरवायझरला सांगितलेलं."

"दाणा चुकला, ड्रायर चुकला, सुपरवायझर चुकला. बरोबर कोण, तर आमच्या सुरेखाताई."

बैठकीत हशा पिकला. ती कव्हर धरून उभी.

नंतर साहेबांनी स्वतः ड्रायरला हात लावला. गार होता, हीटर जळलेला. मी म्हटलं, "मग हेच लिहू या."

"मॅडम, ड्रायर लिहिला तर त्यातून गेलेला सगळा माल परत येईल. ऑपरेटर लिहिली तर एका पाळीचा."

त्यांनी लिहिलं: कारण, ऑपरेटरचा निष्काळजीपणा, उपाय, ऑपरेटर कामावरून कमी केली. सुरेखाला त्याच दुपारी घरी पाठवलं. संध्याकाळी गुपचूप हीटर बदलला. गाडी कंपनीने तक्रार बंद केली.

तिला निदान पॅकिंगला घ्या, असं मी सुचवलं. साहेब शांतपणे म्हणाले, "उपाय म्हणून काढलेली बाई गाडी कंपनीच्या ऑडिटला दिसली तर?"

आठवड्याने ती ओळखपत्र परत द्यायला आली. साहेब गेटवरच भेटले.

"सर, रेघा गेल्या का?"

"गेल्या. तू गेलीस त्याच दिवशी."

तिनं ओळखपत्र वॉचमनच्या खिडकीत ठेवलं.

"मग माझंच काय तरी चुकत असंल," म्हणाली आणि दिघ्याच्या रस्त्याला लागली.